सहा भजनं, बारा दिवस

त्या वर्षी मी एकाच गाण्यावर अकरा महिने बसून होतो. गाणं साडेतीन मिनिटांचं.

मी हायस्कूलच्या कार्यालयात लिपिक आहे. साडेपाचला घरी आलो, चहा झाला की मागच्या खोलीत शिरायचो. आंब्याच्या दिवसांत त्या खोलीत रिकामी खोकी रचलेली असतात, उरलेलं वर्ष ती माझी. एक लॅपटॉप, एक माइक, दोन स्पीकर, दोन फुटी कीबोर्ड आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खिळ्यांनी ठोकलेल्या जुन्या गोधड्या. आमचं घर कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्रापासून फार लांब नाही. खिडकी घट्ट लावली तरी माइकमध्ये थोडी गाज येतेच. तीही मी आठवडाभर काढत बसलो होतो.

माझी रीत अशी होती. गाणं उघडायचं आणि ढोलकीचा आवाज बदलून बघायचा. लॅपटॉपमध्ये ढोलकीचे, पखवाजाचे, टाळ-झांजांचे मिळून चार हजारांवर आवाज साठवलेले. त्यातले पन्नास-साठ ऐकेपर्यंत जेवायची हाक यायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशीचा आवाज आवडायचा नाही. फाइलींना नावं दिली होती: ‘शेवटचं’, ‘शेवटचं नवीन’, ‘खरंच शेवटचं’, ‘शेवटचं सोमवार’. अशा एक्केचाळीस फाइली झाल्या होत्या. कोणी विचारलं की मी सांगायचो, काम चालू आहे. ते खोटं नव्हतं.

माझी बायको आमच्या वाडीतलं महिला भजन मंडळ चालवते. अकरा बायका आहेत. कोणी अंगणवाडीत, कोणी दुकानात, बाकीच्या घरचं आणि बागेतलं करणाऱ्या. त्यांना पेटीवर साथ करणारे काका डिसेंबरात स्कूटरवरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी तालुक्याचा महिला मेळावा होता. बायकांनी सहा भजनं बसवली होती, पाच साधी आणि शेवटी गजर. शब्द त्यांचेच, चाली काकांच्या.

बुधवारी संध्याकाळी बायको खोलीच्या दारात आली.

“तुमच्याकडे एवढा सामान आसा,” ती म्हणाली. “आमका सहा गाण्यांचा संगीत करून देवा. आमी त्याच्यावर गावतलंव.”

“किती दिवस आसत?”

“बारा.”

मी होकार दिला. सहा गाणी, बारा दिवस; म्हणजे दोन दिवसांना एक. हिशेब सोपा वाटला. चौथ्या दिवशी शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पहिल्या गाण्याचं एक कडवं होतं आणि त्यातला पखवाज मला पसंत नव्हता.

बायकोने दारातून विचारलं, “पखवाज झालो?”

“बघतंय.”

“चार दिवस बघतास.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला दिसलं की तिने मनातल्या मनात माझा नाद सोडला आहे आणि काय करता येईल याचा विचार चालू केला आहे. मी तसाच उठून काकांकडे गेलो. ते प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी मला वैभववाडीच्या एका बाईंचा पत्ता सांगितला. घाटाखालची कितीतरी भजन मंडळं त्यांच्याकडून संगीत करून नेतात, असं म्हणाले. “तिका मी फोन करतंय. पण नवाक बोलावल्यान तर नवाकच जा,” त्यांनी बजावलं. “तिका वाट बघूक आवडणा नाय.”

रविवारी सकाळी नऊला पाच मिनिटं असताना मी त्या घरासमोर मोटारसायकल लावली. तळेऱ्याहून आत येताना गारठ्याने बोटं आखडली होती. घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला, पुढे तुळस, पायरीवर वाळत घातलेल्या सुपाऱ्या. दार उघडलं ते त्यांच्या वहिनींनी. त्यांनी मला माजघराला लागून असलेल्या खोलीत नेलं आणि त्या परत गेल्या.

खोलीत अंधार होता. खिडकी बंद, दिवा नाही. टेबलाशी साठीच्या आसपासच्या एक बाई ताठ बसल्या होत्या, त्यांची बोटं कीबोर्डवर चालली होती. समोर स्क्रीनच नव्हता. एका छोट्या स्पीकरमधून कोणीतरी बोलत होतं, पण इतक्या वेगाने की मला एक शब्द कळेना. पत्र्यावर बारीक खडी ओतावी तसा तो आवाज. बाई मधेच एक बटण दाबत, आवाज थांबे, पुन्हा सुरू होई.

“नऊ वाजले. बसा,” त्या म्हणाल्या. त्यांनी मान वळवली, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तेव्हा मला कळलं.

वहिनी पाणी घेऊन आल्या. माझा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, “त्येंका दिसणा नाय. तुमका कोणी सांगूक नाय?”

कोणी सांगितलं नव्हतं. काकांना ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नसावी.

बाई बोलत होत्या ती स्वच्छ ऑफिसातली मराठी. पुढे कळलं की त्यांनी एका सरकारी कचेरीत पंचवीसेक वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. मी लॅपटॉप पिशवीतून काढायला लागलो, तर त्या आवाजावरून म्हणाल्या, “लॅपटॉप नंतर. बायकांचं गाणं आणलंय का?”

बायकोच्या फोनवर केलेलं सहाही गाण्यांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. त्यांनी ते एकदाच ऐकलं, मधे कुठे न थांबवता. पाऊण तास त्या हलल्या नाहीत. मी एवढा वेळ नुसतं ऐकत कधी बसलोच नव्हतो. माझा हात दर मिनिटाला कुठल्या ना कुठल्या बटणाकडे जाई.

“बायका काळी पाचच्या पट्टीत सुरू करतात आणि शेवटच्या कडव्यापर्यंत काळी चारात उतरतात,” त्या म्हणाल्या. “सगळ्याच गाण्यांत. दमतात. मग सरळ काळी चारच घेऊ. तिसरं आणि पाचवं एकाच चालीच्या अंगाने जातं, त्यांची लय थोडी वेगळी ठेवायची. गजराला पेटी कमी, झांज जास्त. मॅडम, तुम्ही... ”

“मीच मॅडम म्हणणार होतो तुम्हाला,” मी गोंधळून म्हटलं.

त्या हसल्या. “सवय. नोकरीत दिवसभर फोनवर सगळ्यांका साहेब नाय तर मॅडम. ती मॅडम ऑफिसात रवली. तू ताई म्हण.” आणि तिथून पुढे त्या मालवणीतच बोलल्या.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. खरं तर मी अजूनही ते नीट सांगू शकत नाही. त्यांनी एक फाइल उघडली. ती कोरी नव्हती. तानपुरा, पेटी, पखवाज, झांज, टाळ, सगळ्यांच्या जागा आधीच ठरलेल्या, प्रत्येकाचा आवाज साधारण किती हवा तेही बसवलेलं. त्यांनी पट्टी आणि लय तेवढी घातली. मी दर वेळी कोऱ्या फाइलीपासून सुरू करायचो आणि इथवर यायला मला दोन संध्याकाळी लागायच्या. त्यांना चहाचा कप खाली ठेवायला लागेल तेवढा वेळ लागला.

“आता पंचवीस मिनिटां गाडी नाय,” असं म्हणून त्यांनी पेटी पुढे ओढली. स्टेशन जवळ असल्यामुळे गाड्यांची वेळ सांभाळूनच त्यांचं रेकॉर्डिंग चाले. त्यांनी पेटी तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवून झाल्यावर म्हणाल्या, “दुसरा बरा,” आणि पहिलं व तिसरं पुसून टाकलं.

“पुसलंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मगे काय लोणचा घालू?”

पखवाजाचे त्यांच्याकडे मोजून सोळा आवाज होते. जवळच्याच एका म्हाताऱ्या पखवाजवाल्याला बसवून त्यांनी ते स्वतः घेतले होते. ते छोट्या कीबोर्डवर ठेवून त्या बोटांनी वाजवत गेल्या, पूर्ण गाणंभर, पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत. मी असे ठोके स्क्रीनवर चौकटींत एकेक मांडायचो. त्यांची बोटं कडवं संपताना किंचित पुढे धावत आणि ध्रुपदावर पुन्हा जागेवर येत. मांडून हे मला कधी जमलं नव्हतं आणि का जमत नाही तेही कळलं नव्हतं.

गाडी आली. भिंत थरथरली. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, गाडी गेल्यावर झांज आणि टाळ घेतले. मग त्या उठल्या, गाणं चालू करून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ऐकलं. परत येऊन दोन आवाज कमी केले. मग ओसरीवर जाऊन ऐकलं.

“झाला,” त्या म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं. ऐकण्याचा पाऊण तास सोडला तर एक तास चाळीस मिनिटं झाली होती. स्पीकरमधून भजनाची साथ पुन्हा वाजत होती. वेगाचं नवल वाटावं असं मी आधीही पाहिलं आहे, इंटरनेटवर तर पुष्कळ. पण इथे घाई कुठेच दिसली नव्हती. त्या एकदाही धावल्या नव्हत्या. एकही गोष्ट त्यांनी दोनदा ठरवली नव्हती, एवढंच.

“आता तुझा काय आसा ता आयकव,” त्या म्हणाल्या.

मी टाळाटाळ केली, पण शेवटी अकरा महिन्यांच्या गाण्याची एक्केचाळिसावी फाइल लावली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, “ह्याच्या आदीचा आसा?”

मी चाळिसावी लावायला गेलो.

“तसा नको. अगदी सुरवातीचा.”

मी तिसरी फाइल लावली. फेब्रुवारीत केलेली. तिच्यात माझा आवाज एका जागी किंचित चिरकला होता आणि मागे गाज होती.

“ह्या गाणा तेवाच झाला होता रे,” त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. “मगे तू काय करीत होतंस?”

मी तिसरी फाइल पुन्हा ऐकायची परवानगी मागितली. त्या अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनकडे न बघता, मी माझंच गाणं पहिल्यांदा ऐकत होतो. ते बरं होतं. बऱ्यापेक्षा थोडं जास्तच होतं. पुढच्या अडतीस फाइलींत मी ते घासून घासून गुळगुळीत केलं होतं. रडू येईल की हसू ते कळेना, म्हणून मी खाली मान घालून बसलो. त्यांना ते दिसणार नव्हतं, पण कळलं असावं, कारण त्या उठून जेवायचं बघायला गेल्या.

जेवायला भात आणि बांगड्याचं तिखलं होतं. ताई हात धुवायला गेल्या तेव्हा वहिनींनी मला एक गोष्ट सांगितली. कचेरीत नवीन यंत्रणा आली आणि ऑपरेटरची गरज संपली तेव्हा ताईंना एका टेबलाशी नुसतं बसवून ठेवलं होतं. काम नाही, फक्त हजेरीची सही. त्या दिवसांत त्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा, बोलणारा कॉम्प्युटर शिकल्या. कोणतं बटण कशासाठी ते पाठ करायला सहा महिने लागले. तांदूळ निवडताना, भाजी चिरताना पुटपुटत असायच्या. चुकलं की रडायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या.

“आता लोकांका वाटता जादू आसा,” वहिनी म्हणाल्या. “मी आयकलंय हां ते सहा महिने.”

मलाही सकाळभर जादूच वाटली होती. वहिनींचं बोलणं ऐकून ती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

दुपारी ताईंनी माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक जाड टॉवेल टाकला. “दुसरा तू कर.” त्यांनी मला सहा बटणं शिकवली: वाजव, रेकॉर्ड कर, थांब, सुरुवातीला जा, पुढच्या वाद्यावर जा, शेवटचं केलेलं पुसून टाक. “एवढ्यात काम होता. बाकीचा मगे.” त्यांच्याच पेटीवर मी वाजवायला बसलो. पहिली पंधरा मिनिटं मला पोहता न येणाऱ्याला खाडीत सोडल्यासारखं झालं. हात सारखा टॉवेलकडे जाई. काय चुकलं ते बघायचं होतं मला. ऐकू येत होतं तरी बघायचं होतं.

“कडवा संपताना हात जड करतंस,” ताई मागून म्हणाल्या. “आणि चुकलंस तर थांबू नको. म्होरं जा.”

तीन तास लागले. पण गाणं झालं. टॉवेल काढला तेव्हा स्क्रीनवरचे रंगीत पट्टे मला अनोळखी वाटले. त्यांच्यावरून हे गाणं ओळखताच आलं नसतं.

घरी आलो तो बायको वाट बघत होती. मी दोन्ही गाणी लावली. तिने पहिल्याच ओळीला गुणगुणायला सुरुवात केली आणि गाणं संपेपर्यंत थांबली नाही. मग म्हणाली, “उतरता नाय आज माझो आवाज.” पट्टी बदलल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी गाणं असं केलंच नाही. फक्त एक तयार फाइल बनवली, ताईंसारखी. चार हजार आवाजांमधून एकोणीस ठेवले. बाकीचे पुसायची हिंमत झाली नाही, पण दुसऱ्या डिस्कवर टाकून ती डिस्क कपाटात ठेवली. एका कागदावर उरलेल्या चार गाण्यांची लय लिहून भिंतीवरच्या गोधडीला टाचणीने लावली. पेटी काकांच्या घरून आणली, झांज-टाळ मंडळाचे घेतले. मंगळवारी संध्याकाळी तिसरं गाणं केलं. बुधवारी चौथं. लॅपटॉपवर टॉवेल टाकून बसायचो. खोलीत अंधार करायची गरज नव्हती, पण मी केला. गाज येत होती ती येऊ दिली. गुरुवारी पाचवं, शुक्रवारी गजर. दर संध्याकाळी आठच्या आत मी जेवायला बाहेर यायचो आणि बायको घड्याळाकडे बघायची. मी स्वतःच घाबरलो होतो. एवढ्यात झालं म्हणजे कुठेतरी काहीतरी राहिलं असणार, असं सारखं वाटे.

राहिलंच होतं. शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात बायकांची तालीम झाली. पहिली दोन गाणी सुरेख गेली. तिसऱ्याला त्या धापा टाकायला लागल्या. मी लय बसून गायलेल्या रेकॉर्डिंगवरून घेतली होती आणि मेळाव्यात त्या उभ्या राहून, हातात झांजा घेऊन गाणार होत्या. सगळ्यात वयस्कर बाई खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “माका ह्या झेपणा नाय हां.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आधीचा मी असतो तर त्या दिवशी मेळाव्याचं तिसरं गाणं गळालं असतं. मी म्हटलं, “दुपारी आणतो.” घरी गेलो, लय खाली घेतली, पेटी नव्याने वाजवली, बाकीचंही. दीड तासात ते संपलं. संपल्यावर मी दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसलो. ताई गाडी जाईपर्यंत बसतात तसा. हे मी केलं, यावर माझाच विश्वास बसेना.

दुपारी पुन्हा तालीम. सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड करून ताईंना पाठवली. अर्ध्या तासाने त्यांचा आवाजी निरोप आला, अगदी छोटा. “बरा आसा. पाचव्यात टाळ कमी कर. उद्या आमी येतंव.”

आणि त्या खरंच आल्या, वहिनींबरोबर एसटी बदलून. मेळाव्यात मी स्पीकरजवळ उभा होतो. अकरा बायका एकसारख्या जांभळ्या साड्यांत उभ्या राहिल्या, माझ्या बोटाने बटण दाबलं आणि मागच्या खोलीत गोधड्यांमध्ये वाजवलेली पेटी त्या मोठ्या सभागृहात निघाली. तिच्यावर त्यांचा आवाज चढला. रोजच्या कामाचे, हाका मारून जाड झालेले आवाज. मी इतकी वर्षं आवाज साफ करत बसलो होतो आणि हे आवाज कशानेही साफ होणारे नव्हते, आणि सभागृह गप्प होऊन ऐकत होतं. गजराला समोरच्या बायका उठून टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या. मला वाटलं, आपण केलेलं आता कोणालाच ऐकू येत नाहीये, आणि ते फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मंडळातल्या बायका ताईंभोवती जमल्या. ताईंनी एकेकीला बोलायला सांगितलं. एकेकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या सांगत होत्या, तू दुसऱ्या गाण्यात डावीकडे उभी होतंस, तुझो श्वास चौथ्यात पुरलो नाय, तू माइकापासून लांब रवतंस, जवळ ये, तुझो आवाज चांगलो आसा. आदल्या दिवशीच्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमधून आणि आजच्या गाण्यातून त्यांनी अकराही जणी वेगळ्या केल्या होत्या. ती माइकापासून लांब राहणारी बाई सगळ्यात मागे सरकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

मी ताईंना आणि वहिनींना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायला अवकाश होता. ताईंनी विचारलं, “गजराक किती वेळ लागलो?”

“दोन तास,” मी म्हटलं.

“दीडात झालो असतो. झांज दुसऱ्यांदा घेतलंस मां?”

घेतली होती. पहिली वेळ पुसून टाकली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कसं कळलं.

“पैल्याच कडव्यात हात दमलेलो आयकाक येता,” त्या म्हणाल्या, आणि वहिनींना विचारलं की पिशवीत पाण्याची बाटली आहे ना.